चिठ्ठीतला 'च'

पत्र (थोडं आटोपशीर करून):

पुण्यात नवी पेठेत पहिल्या मजल्यावर माझी अभ्यासिका आहे. ५२ खुर्च्या. सात वर्षं चालवते आहे, मुलं मला काकू म्हणतात. ३४ नंबरच्या खुर्चीवर परभणीकडची एक मुलगी बसते, लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करते. मागच्या वेळी तिची पूर्व परीक्षा दीड गुणाने गेली. आता परीक्षेला तीन आठवडे राहिलेत. गेले आठ-दहा दिवस ती सकाळी सहाला येते, पुस्तक उघडते आणि तासाभराने बघावं तर तेच पान. रविवारी टेस्ट सिरीजच्या पेपरमधून वीस मिनिटांत उठून आली आणि आमच्या जिन्यात बसून राहिली. हात थरथरत होते. म्हणाली, "काकू, काहीच आठवंना. मी वायाच गेले." मी म्हटलं, "अगं, पॉझिटिव्ह विचार कर, सगळं होईल." रात्री चांगल्या अक्षरात 'मी अधिकारी होणारच' अशी चिठ्ठी लिहून तिच्या टेबलावर चिकटवली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी तिथे नव्हती. परवा तिची वही खाली पडली तेव्हा दिसलं, चिठ्ठी मागच्या पानात घडी करून ठेवली आहे. माझं काही चुकलं का? तिच्या वडिलांना फोन करू का? पेपरच्या दिवशी सोबत जाऊ का? मी मानसशास्त्र वगैरे काही शिकलेली नाही.

— अभ्यासिकेतल्या काकू

उत्तर:

ताई,

(तुमची मुलं तुम्हाला काकू म्हणतात, पण माझं वय बघता मला ते शोभायचं नाही.)

मुलीचं नाव न लिहिता खुर्चीचा नंबर लिहिलात, हे बरं केलंत. मीही तिला ३४ नंबरच म्हणते.

चिठ्ठीबद्दल मला बरंच बोलायचं आहे. पण त्याआधी एक काम आहे आणि ते आज संध्याकाळीच करा. 'मी वायाच गेले' हे वाक्य पेठांमधली मुलं चहाच्या टपरीवर उठता-बसता बोलतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'आजचा दिवस फार वाईट गेला' एवढाच असतो. पण बहुतेक वेळा म्हणजे दर वेळी नाही. तिला बाजूला घ्या, दार लोटून घ्या आणि सरळ विचारा, "जगू नये, संपवून टाकावं, असं काही मनात येतं का गं?" असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे आणि ती चुकीची आहे. कुणीतरी विचारलं म्हटल्यावर माणूस थोडा सैल होतो. ती 'हो' म्हणाली, किंवा 'नाही' म्हणताना तिने नजर चुकवली, तर तिला एकटी सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथे तुम्ही स्वतः घेऊन जाऊ शकता. तसं झालं तर परीक्षा, वडील, चिठ्ठी, सगळं बाजूला.

त्याच बैठकीत झोपेची आणि जेवणाचीही चौकशी करा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे तुम्हाला माहीतच आहे. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन राहणारी कितीतरी मुलं ती रात्र चहा-बिस्किटांवर काढतात आणि सोमवारी 'डोकंच चालत नाही' म्हणून स्वतःला दोष देत बसतात. डोकं बिचारं उपाशी असतं.

पुढचं सगळं, तिचं उत्तर 'नाही, तसलं काही नाही' असं आलं हे धरून लिहिते.

तुमचं चुकलं का? तिने चिठ्ठी फाडली नाही, चुरगाळून टाकली नाही, घडी घालून वहीत ठेवली. तुमची माया तिने ठेवून घेतली. चिठ्ठीतला मजकूर मात्र तिला डोळ्यासमोर नको होता. ज्या मुलीला रविवारी साध्या सराव पेपरमध्ये बसून राहवलं नाही, तिच्यासमोर सोमवारी 'अधिकारी होणारच' असं लिहून आलं. ती दर वेळी मान वर करणार आणि मन लगेच म्हणणार, 'कुठली होतीस गं तू!' म्हणजे तुमच्या एका वाक्याने तिच्या मनाला दिवसभर वाद घालायला विषय दिला.

'वाईट विचार करू नकोस' या सल्ल्याचंही तसंच. आमची आजी काढा देताना म्हणायची, "पी, पण पिताना माकड आठवायचं नाही." जन्मात कधी न आठवणारं माकड नेमकं पेल्यात दिसायचं. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये हाच खेळ प्रयोगशाळेत मांडला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढरं अस्वल मनात आणू नका, आलंच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. आजीला प्रयोगशाळा लागली नव्हती, एवढाच फरक.

मी हे ज्ञानाच्या उंचीवरून सांगत नाही. समुपदेशनाच्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घाबरलेल्या मुलाला मी म्हटलं होतं, "तू एवढा हुशार, तुला काय होतंय!" तो पुन्हा आलाच नाही. पुष्कळ दिवसांनी लक्ष्मी रोडवर भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुम्ही हुशार म्हणालात. मग नापास झाल्यावर तुमच्यासमोर यायचं कसं?"

आता तुमच्या चिठ्ठीतलं आणि तिच्या रडण्यातलं एक अक्षर बघा. 'होणारच.' 'वायाच.' 'काहीच.' मराठीत या 'च'चं वजन फार. पुण्यात तर 'चहा घेणार का?' आणि 'चहा घेणारच का?' यांत पाहुणा बसतो की उठतो एवढं अंतर आहे. पास व्हावं असं वाटणं चांगलंच, त्याशिवाय सकाळी सहाला कोण अभ्यासिकेत येईल? पण 'पास झालंच पाहिजे' असं म्हटलं की मागच्या दाराने एक प्रश्न आत येतो, 'आणि नाही झाले तर?' त्याचं उत्तर तयारच असतं, 'तर मी वायाच गेले.' एका 'च'च्या पोटी दुसरा 'च' जन्माला येतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा साधारण हाच आहे. इच्छा माणसाला मोडत नाही, इच्छेची सक्ती झाली की मोडते. एलिसना मराठी येत नव्हतं, नाहीतर त्यांनी या अक्षरावर अख्खं प्रकरण लिहिलं असतं.

मग करायचं काय? विचार हाकलायचा नाही, त्याच्या जागी गोड विचार चिकटवायचा नाही. तो तपासायचा. आणि ३४ नंबरला तपासणं शिकवावं लागणारच नाही, ती गेली दोन-तीन वर्षं दुसरं काय करते आहे? तिला कोरा कागद द्या आणि तिच्या डोक्यात जे चाललंय ते आयोगाच्या प्रश्नासारखं लिहायला सांगा.

विधान अ : मागच्या वेळी पूर्व दीड गुणाने गेली.
विधान ब : रविवारी पेपरमध्ये वीस मिनिटं काही आठवेना.
विधान क : मला काहीच येत नाही, मी वायाच गेले.
वरीलपैकी कोणते/ती विधान/ने बरोबर आहे/त?

ते 'विधान/ने आहे/त' बघून ती निदान हसेल तरी. आणि मग तिचा हात आपोआप चालेल. 'फक्त', 'सर्व', 'कधीही', 'काहीच' असले शब्द विधानात दिसले की पेन टेकवायच्या आधी दोनदा बघायचं, हे या मुलांना पहिल्याच वर्षी कुणीतरी सीनियर शिकवतो. अ बरोबर, ब बरोबर, क मात्र तिला स्वतःच्याच नियमाने खोडावं लागेल. दीड गुणाने गेलेली मुलगी 'काहीच येत नाही'मध्ये बसत नाही, ती कटऑफच्या उंबऱ्यावर बसते. क खोडून झालं की त्या जागी खरं विधान तिनेच लिहायचं, तिच्या बोलीत. तुम्ही सांगू नका, शुद्ध करू नका. 'घाबरले व्हते, पण राज्यव्यवस्था येती मला' असं काही उमटलं, तर ते तुमच्या सुंदर अक्षरातल्या चिठ्ठीपेक्षा जास्त दिवस टिकेल.

एकदा करून भागत नाही. रोज रात्री खुर्ची सोडताना एक विधान, एवढं पुरे.

वीस मिनिटांत सगळं पुसून कसं गेलं, हेही तिला कळायला हवं, कारण न कळल्यामुळेच ती घाबरते. १९६७ पासून परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे धरले जातात. एक अंगातला, म्हणजे थरथर, घाम, पोटात गोळा. दुसरा डोक्यातला, म्हणजे 'गेलं, संपलं, बाबांना काय सांगू' ही अखंड बडबड. आपण हातांची थरथर बघून घाबरतो, पण गुणांचं जास्त नुकसान बडबड करते. तुमच्या अभ्यासिकेत बॅग टेबलावर ठेवायची नाही असा नियम असेल, बहुतेक ठिकाणी असतो. का? टेबल दीड हाताचं. बॅग ठेवली की वही मांडायला जागा नाही. मनात आत्ताच्या आत्ता वापरायची जागाही तेवढीच असते. काळजीने त्यावर बॅग आपटली की वाचलेलं आठवायला जागा उरत नाही. वाचलेलं कपाटात शाबूत असतं, मांडायला टेबल रिकामं नसतं इतकंच. म्हणून तर पेपर संपवून रस्ता ओलांडेपर्यंत सगळी उत्तरं आठवतात.

बॅग खाली उतरवायचा एक साधा उपाय आहे. शिकागो विद्यापीठाच्या जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांचा २०११ मधला अभ्यास असा, की परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं आपल्या मनातली भीती कागदावर मोकळेपणाने लिहिली, तर घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. सगळ्यांना सारखाच उपयोग होतो असं मी म्हणणार नाही, पण कागद आणि दहा मिनिटं यापलीकडे खर्च नाही. सराव पेपरच्या आधी करून बघू दे. लिहिलेलं तुम्ही वाचायचं नाही. तिने फाडून टाकलं तरी चालेल.

आता एक गोष्ट, जी सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत, कारण तिच्यात बेरीज-वजाबाकी आहे. भीती नुसता त्रास देत नाही, ती गुणही खाते. राज्यसेवा पूर्वच्या पहिल्या पेपरला १०० प्रश्न, २०० गुण. बरोबर उत्तराला दोन, चुकलं तर पाव हिस्सा म्हणजे अर्धा गुण वजा. घाबरलेलं मूल काय करतं? चारपैकी दोन पर्याय खोडलेले असतात, उरलेल्या दोनांत अडकतं आणि 'चुकलं तर?' म्हणून प्रश्नच सोडून देतं. असे दहा प्रश्न धरा. निम्मे बरोबर आले तर दहा गुण मिळाले, पाच चुकले तर अडीच गेले. पदरात साडेसात. ३४ नंबर गेली होती दीड गुणाने! तिला मागची प्रश्नपत्रिका काढायला लावा आणि दोन पर्यायांवर आणून सोडलेले प्रश्न मोजायला सांगा. माझी पैज नाही, पण आकडा बघून ती गप्प बसेल असं वाटतं. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर अंदाजपंचे ठोकण्यात दम नाही. चार प्रश्नांमागे सरासरी अर्धाच गुण पदरात पडतो आणि नशिबावर भिस्त ठेवल्याने धाकधूक वाढते ती वेगळीच. तेव्हा नियम आधी, घरी, शांत डोक्याने ठरवायचा: दोन खोडता आले तर उत्तर द्यायचं, एकही खोडता आला नाही तर पुढे जायचं. परीक्षेच्या खोलीत निर्णय घ्यायचा नाही, ठरलेला पाळायचा. भीतीला विचारायला प्रश्नच ठेवायचा नाही.

तेच पान तासभर उघडं असतं म्हणालात. वाचून वाचून 'हे मला येतं' असं वाटतं, ते वाटणंच फसवं. तिला पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायला सांगा, मग उघडून ताडून बघू दे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं, की पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने बघितलं तर स्वतःला प्रश्न विचारणारे पुढे असतात. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

आणि तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं काम आता. उरलेल्या दोन रविवारी तुमच्या अभ्यासिकेत पेपर लावा. खराखुरा. दोन तास, ओएमआर शीट (गोल काळे करायची उत्तरपत्रिका), काळं बॉलपेन, फोन बाहेर, मध्ये उठायचं नाही. एसी असेल तर बंद करा आणि खिडकी उघडी ठेवा, परीक्षा केंद्राच्या शाळेत बाहेर रिक्षाही वाजते आणि वर पंखाही करकरतो. आणखी चार-पाच मुलांना बसवा, म्हणजे ३४ नंबरला आपल्यासाठीच हे चाललंय असं वाटणार नाही. तिला आधी सांगून ठेवा, की मध्येच डोकं कोरं पडणार आहे आणि ते पडावं म्हणूनच हा पेपर आहे. पडलं की उठायचं नाही. पेन खाली, तळवे जमिनीला टेकलेले, श्वास घेतला त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, असे सात-आठ. मग पान उलटून तिच्या हातखंड्याचा विषय शोधायचा आणि तिथला एक सोपा प्रश्न सोडवायचा. एकच. त्याचा गोल काळा केला की दुसरा. दोन-तीन मिनिटं गेली तरी काही बिघडत नाही. रविवारी ती उठून आली तेव्हा तिच्या मनाने एक धडा घेतला, की जिन्यात आलं की सुटका होते. आता बसून राहिलं तरी भीती आपली आपण उतरते, हा दुसरा धडा तिला खुर्चीवरच मिळायला हवा. भीती पूर्ण जाईल असं तिला सांगू नका. भीतीसकट पेपर लिहिता येतो, हे तिच्या हाताला कळलं की झालं.

'सगळं होईल' हे वाक्य मात्र कृपा करून सोडा. जागा शेकड्यांत आणि बसणारे लाखांत, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चांगला अभ्यास करूनही निघत नाही अशी मुलं तुमच्या समोरच बसतात. खोटं आश्वासन दिलं की मुलं आपल्याशी खरं बोलायचं बंद करतात. पण 'नाही झालं तर दुसरं काय करशील' हा विषयही आत्ता काढू नका. तीन आठवडे आधी तो सल्ला वाटत नाही, निकाल वाटतो. पूर्व झाल्यावर, एखाद्या संध्याकाळी निवांत, नक्की काढा. किती अटेम्प्ट, कुठवर, मग काय, हे ठरलेलं नसल्यामुळे पेठेत दहा-दहा वर्षं अडकून पडलेली मुलं तुम्हीही बघितली असतील.

वडिलांचं. तिला न विचारता फोन करू नका. (पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं असेल तर गोष्ट वेगळी, मग विचारत बसायचं नाही.) तुमच्या नंबरवरून घरी फोन गेला म्हणजे काहीतरी भयंकर झालं, असाच अर्थ तिथे निघणार आणि रात्रीच्या गाडीने वडील पुण्यात उतरणार. तिलाच विचारा, "घरी काय सांगितलंयस?" बहुधा 'अभ्यास मस्त चालू आहे' असं सांगितलेलं असतं आणि ते खोटं सांभाळण्यातच निम्मा जीव जातो. ती तयार असेल तर फोन तिनेच करावा, तुम्ही शेजारी बसा. बोलायला एकच वाक्य पुरेल: "बाबा, पेपर होईपर्यंत अभ्यास कसा चाललाय ते विचारू नका, जेवलीस का ते विचारा." बाप माणसाला हे वाक्य जमतं. त्यांनाही काय बोलावं ते सुचत नसतं, म्हणून तर ते अभ्यासाचं विचारतात.

पेपरच्या दिवशी जा. जरूर जा. दोन पेपरांच्या मधला वेळ फार वाईट असतो. फाटकाबाहेर घोळका जमतो, कुणीतरी छातीठोकपणे चुकीचं उत्तर सांगतं, मोबाइलवर आन्सर की फिरायला लागतात आणि सकाळी बरा पेपर दिलेली मुलगी दुपारी सीसॅटला, म्हणजे दुसऱ्या पेपरला, हातपाय गाळून बसते. सीसॅटला फक्त ३३ टक्के लागतात, २०० पैकी ६६. पण तेवढे नसतील तर सकाळचा पेपर कितीही चांगला गेला तरी तपासून उपयोग नाही. तेव्हा तुम्ही फाटकाशी न थांबता जरा लांब, झाडाखाली सावली बघून बसा. डब्यात दहीभात घ्या, लोणच्याची फोड वेगळी ठेवा, पाण्याची बाटली घ्या आणि तिचा फोन तुमच्याच पर्समध्ये राहू दे. सकाळचा पेपर कसा गेला हे विचारू नका. तिने सांगितलं तर ऐका, आणि भात कालवून द्या.